खड्ड्याला दिलेली वर्षं

पैलवानाच्या छातीवरच्या किरणमापक बिल्ल्यावरचा आकडा बघून वैजयंती कोरगावकरने आधी चष्मा पुसला आणि मग पुन्हा बघितलं. आकडा तोच. धामणखोलच्या सड्यावर, त्या उघड्या कातळपठारावर, शिशाच्या खोलीत बसून कुणाच्याही बिल्ल्याने वर्षाची मर्यादा ओलांडणं शक्यच नव्हतं. भिंतींत वीतभर शिसं, छतात वीतभर, पायांखालीही वीतभर. खड्ड्यातल्या किरणांनी आत यायचं म्हटलं तरी यायचं कुठून?

"मी सांगतो कुठून ते," साइट मॅनेजर फडतरे म्हणाला. "दुपारी सगळे जेवायला बसले की बिल्ला दोरीला बांधायचा आणि खड्ड्यात सोडायचा. मर्यादा भरली की कंत्राट संपेपर्यंत घरी बसून पूर्ण पगार. सरकारी नियमच आहे तसा. ज्यानं हा नियम केला ना, त्याच्या पाया पडलं पाहिजे!"

फडतरे अगदीच हवेत बोलत नव्हता. मागच्या साइटवर दोघांना त्याने दोरीसकट पकडलं होतं. आणि या पैलवानाला, म्हणजे हणमंत मुळीकला, घरी जायला कारणही होतं. बायको माहेरी, पहिलं बाळंतपण जवळ आलेलं.

"मॅडम, आईची शपथ, बिल्ला छातीवरनं हललेला न्हाई," हणमंत म्हणाला. सहा फुटी गडी, पण आवाज रडवेला झालेला. "आन् बसून पगार खायला मी काय सरकारचा जावई हाय व्हय?"

वैजयंती किरणसुरक्षा अधिकारी होती. तिने सही केली की हणमंतचं नाव काळ्या यादीत जाणार, आणि मग देशातल्या कुठल्याच खड्ड्यावर त्याला काम मिळणार नव्हतं. तिने पेन काढलंही. पण माणूस खोटं बोलताना इतका चिडत नाही, असं तिला वाटलं. ती म्हणाली, "उद्या नवा बिल्ला. मी स्वतः मोहोर लावणार. आणि दिवसभर माझ्यासमोर बसायचं. चहासुद्धा इथेच."

"आन् लघवीला?" हणमंतने विचारलं.

"फडतरे येतील बरोबर," वैजयंती म्हणाली. फडतरेचं तोंड बघण्यासारखं झालं.

धामणखोलचं काम काय होतं, तेही सांगायला हवं. बंद पडलेल्या एका अणुभट्टीचा कचरा पूर्वी कुणीतरी या सड्यावर दोन खड्ड्यांत पुरला आणि हात झटकले. पुढे सरकारने तो साफ करायची निविदा काढली, तेव्हा सगळ्या कंत्राटदारांनी एकच गोष्ट सांगितली: उकरू, पिंपात भरू, दुसरीकडे नेऊ. दुसरीकडे म्हणजे कुठे, यावर प्रत्येक जण आढ्याकडे बघायचा. डॉ. यशोधन रिसबूड यांच्या कंपनीने मात्र सांगितलं की आम्ही कचरा हलवणारच नाही. आम्ही तो जागच्या जागी म्हातारा करू.

त्यासाठी त्यांनी क्षयवेगक नावाचं यंत्र बनवलं होतं. किरणोत्सारी अणू आपापल्या गतीने फुटत फुटत संपतात. निम्मे अणू संपायला लागणारा काळ म्हणजे अर्धायुष्य. हे यंत्र आपल्याभोवती एक क्षेत्र उभं करतं, आणि त्या क्षेत्रात अर्धायुष्य आखडतं. तीनशे वर्षांत जे व्हायचं ते चार महिन्यांत होतं. पहिल्या खड्ड्यात सीझियम होतं, अर्धायुष्य तीस वर्षं, त्याला तीनशे वर्षं पुरेशी होती. ती देऊन होत आली होती, खड्डा जवळजवळ थंड पडला होता. यंत्र चालू असताना खड्डा तापायचा, म्हणून हणमंतसारखे गडी आळीपाळीने शिशाच्या खोलीत बसून गार पाण्याची जड चाकं फिरवायचे. वैजयंती समोर टेबलापाशी बसलेली असायची.

दुसऱ्या दिवशी पहिल्या खड्ड्याची शेवटची पाळी होती. हणमंत तिच्यासमोर बसला, चाकं फिरवली, दोन वेळा जेवला आणि फडतरेला तीन वेळा बाहेर घेऊन गेला. वैजयंतीने तसलाच आणखी एक बिल्ला त्याच्या डोक्यावरच्या खुंटीला अडकवून ठेवला होता. पाळी संपल्यावर तिने दोन्ही काढून बघितले. खुंटीवरचा कोरा. हणमंतचा चढलेला, आणि रोज चढायचा तेवढाच.

"बघा!" हणमंत ओरडला.

फडतरेने बिल्ल्यावरची मोहोर तपासली; शाबूत होती. वैजयंतीचं लक्ष मात्र खुंटीवरच्या बिल्ल्यावर होतं. किरण बाहेरून आले असते तर खुंटीवरच्या बिल्ल्यालाही लागले असते. तिने बाकीच्या गड्यांचे जुने आकडे काढले. सगळ्यांचे थोडे थोडे चढत होते. किडकिडीत गड्यांचे कमी, अंगाने भरलेल्यांचे जास्त, पैलवानाचे सगळ्यांत जास्त. इतके दिवस हे आकडे तिच्या डोळ्यांसमोर होते, आणि ते मर्यादेच्या आत आहेत एवढंच बघून ती पुढे जात होती. तिला स्वतःचा भयंकर राग आला.

डॉ. रिसबूड त्याच संध्याकाळी सड्यावर पोचले. दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या खड्ड्याचं उद्घाटन होतं. मांडव उभा होता, मंत्री येणार होते, खालच्या गावांतली माणसं येणार होती, शाळेची मुलं स्वागतगीत म्हणणार होती. रिसबूड उंच, शांत आणि बोलायला गोड होते. त्यांनी दोन्ही बिल्ले हातात घेतले.

"गड्याच्या खिशात काही होतं का?"

"झडती घेतली. काही नव्हतं."

"मग त्याच्याजवळ काय होतं?"

"तो स्वतः," वैजयंती म्हणाली. "डॉक्टर, तुमचं क्षेत्र शिशातून जातं?"

"जातं. शिशातून, काँक्रीटमधून, सगळ्यातून. पण ते निरुपद्रवी आहे. ते फक्त किरणोत्सारी अणूंनाच..." आणि रिसबूड तिथेच थांबले.

"माणसाच्या अंगात पोटॅशियम असतं," वैजयंती म्हणाली. "स्नायूंत जास्त. त्यातला इवलासा भाग किरणोत्सारी असतो. अर्धायुष्य सव्वाशे कोटी वर्षं, म्हणजे इतका संथ की जन्मभरात त्याचा काही त्रास होत नाही. तुमच्या क्षेत्रात तो संथ राहत नाही."

"आम्ही उंदरांवर चाचण्या घेतल्यात. त्यांना काहीही झालं नाही."

"तीनशे वर्षांच्या क्षेत्रात ना? तेवढ्यानं दिसण्यासारखं काही होतही नाही."

रिसबूडांना पुरावा हवा होता, आणि ते बरोबरच होतं. वैजयंतीने फडतरेला खालच्या गावातल्या कृषी सेवा केंद्रात पिटाळलं. तो पोटॅशचं पोतं पाठीवर मारून आला. पोटॅशियमनं भरलेलं खत ते, हापूसच्या झाडांना घालतात. पोतं शिशाच्या खोलीत ठेवलं, त्यावर बिल्ला ठेवला, सगळे सड्याच्या पार टोकाला गेले आणि रिसबूडांनी तिथून यंत्र थोडा वेळ चालवलं. परत येऊन बघतात तो बिल्ल्याने मर्यादा कधीच ओलांडली होती.

"या पोत्याला पण घरी पाठवायचं का पूर्ण पगारावर?" फडतरेने विचारलं.

रिसबूड पोत्यावरच बसले. त्यांनी बिल्ल्यावरचा आकडा पुन्हा वाचला. मग अगदी हळू म्हणाले, "म्हणजे खड्ड्याला आपण जितकी वर्षं देतो, तितकीच शेजारी बसलेल्या माणसालाही देतो. त्याच्या स्वतःच्या अंगातले किरण तेवढ्या वर्षांचे एकदम. वय वाढत नाही, केस पिकत नाहीत, एवढंच."

"उद्याच्या खड्ड्यात काय आहे, डॉक्टर?"

"प्लुटोनियम. अर्धायुष्य चोवीस हजार वर्षं." त्यांनी डोळे मिटले. "उद्या दिवसभरात त्याला दोन लाख चाळीस हजार वर्षं द्यायची होती."

वैजयंतीने मनात हिशेब केला. दोन लाख चाळीस हजार वर्षांचे किरण, आणि तेही बाहेरून नव्हे, ज्याच्या त्याच्या मांसातून. शिवाय पायाखालच्या कातळात थोरियम होतं, तेही चवताळून उठणार होतं. खड्ड्याभोवतीच्या सुरक्षेच्या दोरीपलीकडे उभी राहून गाणं म्हणणारी मुलं दुपारपर्यंत आजारी पडली असती आणि पुढच्या काही दिवसांत एकही वाचलं नसतं. आणि ती दोरी कुठे बांधायची, ते वैजयंतीनेच आखून दिलं होतं.

"माणसं लांब उभी करू," फडतरे म्हणाला. "मांडव हलवतो मी. रातोरात हलवतो."

"किती लांब?" रिसबूड म्हणाले. "क्षेत्राला कुंपण नसतं. ते विरळ होत जातं, संपत नाही. उद्याच्या जोराला खालच्या तिन्ही गावांत घरात बसलेल्या माणसालासुद्धा काही शतकं मिळतील."

कार्यक्रम रद्द करण्याचा अधिकार फक्त खात्याच्या सचिवांना होता. वैजयंतीने फोन लावला. सचिवांनी सगळं ऐकून घेतलं आणि एक मोठा सुस्कारा सोडला.

"कोरगावकर, मंत्रीसाहेब निघालेत. मी त्यांना काय सांगू? एका पैलवानाचा बिल्ला आणि एक खताचं पोतं? तुम्ही अहवाल पाठवा, पुढच्या आठवड्यात समिती बसवू."

"साहेब, निविदा उघडली तेव्हा कंपनीनं तुमच्या दालनात प्रात्यक्षिक दाखवलं होतं ना? टेबलावर लहान यंत्र ठेवून?"

"हो. दहा मिनिटांत सीझियमचा नमुना निम्मा झाला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या."

"निम्मा झाला म्हणजे तीस वर्षं झाली, साहेब. नमुन्याची, आणि टेबलाभोवती बसलेल्या सगळ्यांची."

फोनवरून खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला.

"मी मध्ये बाहेर गेलो होतो," सचिव एकदम म्हणाले. "घरून फोन आला होता. तीनेक मिनिटं तरी बाहेर होतो."

"मग नऊ वर्षं वाचली तुमची."

"राहिलेल्या एकवीस वर्षांचं काय होतं?"

"काही नाही, साहेब. एकवीस वर्षांचे किरण आपण सगळेच सोसतो. लाख वर्षांचे कुणी सोसत नाही."

उद्घाटन रद्द झालं. कारण म्हणून तांत्रिक अडचण असं छापून आलं. मंत्री अर्ध्या वाटेवरून परत फिरले, आणि शाळेच्या मुलांना सुट्टी मिळाली म्हणून ती खूश झाली. दुसऱ्या खड्ड्याचं काय करायचं, यावर पुढे पुष्कळ खल झाला. तिन्ही गावं हलवायची आणि यंत्र दुसऱ्या जिल्ह्यातून चालवायचं, असं रिसबूडांनी सुचवलं. सध्या तरी यंत्राला कुलूप होतं. खड्डा आपल्या चोवीस हजारांच्या संथ चालीने चालला होता, आणि त्याला घाई करायची कुणाची हिंमत नव्हती.

हणमंतच्या मर्यादेचा आकडा खरा ठरला. तेव्हा नियमाप्रमाणे तो पूर्ण पगारावर घरी निघाला. वैजयंती त्याला सोडायला सड्याखालच्या एसटीच्या थांब्यावर गेली. चहाच्या टपरीपुढे एकच खुर्ची होती, आणि तिच्यावर हणमंत आपली ट्रंक मांडीवर घेऊन बसला होता. तिला बघून तो उठायला लागला, पण ट्रंक घसरली तसा पुन्हा बसला.

"हणमंतराव, मी तुमच्यावर संशय घेतला," ती म्हणाली. "सही करायला पेनसुद्धा काढलं होतं. माफ करा मला."

"जाऊ द्या ओ मॅडम. फडतरेसाहेबांस्नी तीन डाव लघवीला फिरिवलं, फिटलं समदं." तो हसला आणि ट्रंक घट्ट धरून पुढे वाकला. "खरं सांगा. माझ्या अंगात किती वर्षं गेली?"

"तुम्ही तिसरा हिस्सा पाळ्या केल्यात. शंभर."

"शंभरी भरली म्हणा की माझी!"

"मरणार नाही तुम्ही. दर वर्षी तपासणी करून घ्यायची, बस. आणि तुमचं बाळ तुमच्यापासून सुरक्षित आहे. क्षेत्राच्या बाहेर तुम्ही इतरांसारखेच." हे ऐकल्यावर त्याच्या खांद्यांवरचं ओझं उतरलेलं तिला स्पष्ट दिसलं. त्याला तेवढंच विचारायचं होतं.

टपरीवाल्याने दोन चहा आणून दिले. हणमंतने बशीत ओतून फुंकर घातली, आणि घोट घेता घेता थांबला.

"मॅडम, आमच्या पाळ्या बदलायच्या. यंत्र चालवणारी माणसं बी बदलायची. तुमची पाळी कवा बदलली?"

वैजयंतीने चहाचा कप टपरीच्या फळीवर ठेवला. सुरक्षा अधिकारी खोलीत असल्याशिवाय यंत्र चालू करायचं नाही, अशी अट होती, आणि चार महिन्यांत तिने एक दिवसही रजा घेतली नव्हती. बिल्ला कामगारांनी लावायचा असतो, अधिकाऱ्यांनी नव्हे. तिच्याकडे वाचायला आकडा नव्हता. पण तो तिला पोत्याच्या त्या रात्रीपासून माहीत होता, आणि अजून तिने कुणाला सांगितला नव्हता.

"तीनशे," ती म्हणाली. "खड्ड्याला दिली, तेवढी सगळी."

हणमंतने बशी खाली ठेवली. ट्रंक उचलून बाजूला ठेवली, उभा राहिला आणि खुर्ची तिच्याकडे सरकवली.

"बसा मॅडम," तो म्हणाला. "तुम्ही थोरल्या."