एर्सिलियाचा जांभळा स्कार्फ

बेनेव्हेंतोच्या रोमन नाट्यगृहाची सफर अर्ध्यावर थांबवून गाइड एर्सिलिया विंगेत जाऊन आली, तेव्हा तिचा चेहरा पार उतरला होता. तिथे कोटावर ठेवलेला तिचा जांभळा स्कार्फ नाहीसा झाला होता. तिच्या दिवंगत नवऱ्याने, एर्मान्नोने, दिलेली ती शेवटची भेट. आज रात्री तिची मुलगी नीव्हेस याच रंगमंचावर पहिल्यांदा उभी राहणार होती.

"तो गळ्यात नसेल तर मी नाही यायची," ती म्हणाली. "एकटीनं बसायचा धीर नाही मला."

पर्यटकांत खाजगी गुप्तहेर ओत्ताव्हिया रेस्ता होत्या आणि त्यांचा मदतनीस उबाल्दो. उबाल्दोने लगेच पर्यटकांवर संशय घेतला. पण ते सगळे एर्सिलियाच्या डोळ्यांसमोर दगडी पायऱ्यांवर बसले होते, आणि कोटातलं पाकीट जागच्या जागी होतं.

फाटकावर पहारेकरी कानियो पुष्पगुच्छातली जांभळी फुलं उपटत होता. नटमंडळींचा हुकूम, म्हणून कुरकुरला. पडद्याशी रंग जुळत नसेल, असं उबाल्दोला वाटलं. तिकिटांची रांग सोडून कानियो हललाच नव्हता.

नीव्हेस विंगेत संवाद घोकत होती. स्कार्फ पाहिला नाही म्हणाली. उबाल्दोने सहज रंग विचारला.

"आईनं सांगितलंच असेल की," म्हणत तिने पाठ फिरवली.

ओत्ताव्हियाबाईंनी मायलेकींना समोरासमोर बसवलं.

"उबाल्दो, फुलं आठव. पूर्वी ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपासात पाद्री जांभळा घालायचे, नाटकं बंद पडायची आणि नटांच्या घरी चूल पेटायची नाही. तेव्हापासून आपल्या इटलीतल्या नटांना तो रंग अपशकुनी. चोराला पाकीट हवं नव्हतं; हा रंग इथे नको होता. आणि ही पोर त्या रंगाचं नावसुद्धा घेईना."

नीव्हेसला रडू फुटलं. स्कार्फ तिने नीट घडी करून कपड्यांच्या पेटीत ठेवला होता.

"काढ म्हणायला जीभ रेटली नाही गं. बाबांनाच बाहेर काढल्यासारखं झालं असतं."

एर्सिलियाने तिला जवळ घेतलं. आईला रडू येत होतं आणि हसूही.

"अगं, तुझा बाबा कधी आत बसलाय? शाळेतल्या तुझ्या प्रत्येक नाटकाला भीतीनं दाराबाहेर येरझाऱ्या घालायचा. आत मीच एकटी असायची. आजही त्याला कानियोपाशी ठेव, बाहेर. मी बसते."