सगळ्यांले घेऊन या

यंदा, अठ्ठ्याहत्तर साली, मला कोळशाच्या खाणीचं काम शिकायला दोन महिने पोलंडला पाठवलं, तेव्हा नागपुरातल्या आमच्या अख्ख्या नंदनवन वस्तीत फॉरेनला जाणारा मीच पहिला! पाय जमिनीवर ठरत नव्हते. बायकोला, शामलाला, सातवा महिना होता. "बाळ तुमी आल्यावरच होईन," असं तिनं मला ठणकावून सांगितलं. मीही शब्द दिला, एप्रिलअखेर दारात हजर.

तिथलं वेळापत्रक मला इतकं आवडलं की विचारू नका. साडेपाचला उठायचं, नळाला गरम पाणी, सहा दहाची ट्राम. सहा दहा म्हणजे सहा दहा! दुपारी अडीचला खाणीतून वर, तीनला खोलीवर, मग स्वतःच्या हातची खिचडी. चौथ्या दिवशी ट्रामचा ड्रायव्हर मला पाहून टोपीला हात लावू लागला, तेव्हा तर मी तिथलाच झालो.

एक सवय मात्र सुटली नाही. मी मूळचा नागपूरजवळच्या खाप्याचा. आमच्याकडे "या जेवाले" म्हटल्याशिवाय पहिला घास तोंडात जात नाही. खोलीत समोर होती फक्त रिकामी खुर्ची. मी हसत हसत तिलाच म्हणायचो, "या दादा, जेवाले."

आठव्या दिवशी खुर्ची सरकली. पाय फरशीवर घासत, कुणी बसायला ओढावी तशी. खिडकीत लख्ख ऊन होतं, आणि खोलीभर ओल्या कोळशाचा वास... घाबरलो? घाबरलो की! पण खोटं कशाला बोलू, त्याहून जास्त हरखलो. परक्या मुलखात कुणीतरी माझ्या शब्दाला मान दिला होता.

दुसऱ्या दिवसापासून मी दोन ताटल्या मांडू लागलो. समोरची खिचडी कमी होत नसे, पण ताटलीच्या कडेला काळ्या बोटांचे ठसे उमटत. मी त्याला नागपूरच्या गप्पा सांगायचो. होणाऱ्या बाळाचा विषय निघाला की खुर्ची किंचित पुढे यायची.

घरमालकीण हेलेनाबाई एकदा चादरी बदलायला आल्या आणि ते ठसे पाहून मटकन खाली बसल्या.

"माझा नवरा," त्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाल्या. "वीस वर्षांपूर्वी खाणीत उतरला. वर आलाच नाही. तो... जेवतो?"

मी मान हलवली. त्या खूप रडल्या. मला मोठं पुण्य केल्यासारखं वाटलं.

निघायच्या दिवशी मी नुसता उडत होतो. बॅग भरली, खुर्चीला हात जोडले आणि निरोप घेताना आपण म्हणतोच तसं म्हणून गेलो, "बरं दादा, या कधी नागपूरले. एकटे नका येऊ, सगळ्यांले घेऊन या."

हेलेनाबाई दारातच उभ्या होत्या. काय बोललात, म्हणून त्यांनी विचारलं. मी कौतुकानं अर्थ सांगितला आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"सगळे...? त्या दिवशी खाली एकोणतीस माणसं राहिली."

"अहो, आमच्याकडे म्हणायची पद्धत आहे. खरंच कुणी येत नाही."

"त्यांना वीस वर्षांत कुणी घरी बोलावलेलं नाही..." त्या पुटपुटल्या.

मी शब्दाप्रमाणे वेळेवर पोचलो. मे महिन्यात मुलगी झाली, उत्तरा. बारशाच्या दुसऱ्या दिवशी, भर दुपारी, मी इतवारीच्या बाजारातून परतलो तर पायऱ्यांवर जोडे. जाड तळव्यांचे, काळ्या चिखलानं माखलेले, नीट जोडीला जोडी लावून ठेवलेले. पायऱ्या पुरल्या नव्हत्या, रांग फाटकापर्यंत गेली होती. त्या उन्हात चिखल वाळत नव्हता. अंगणात चिटपाखरू नव्हतं.

तेवढ्यात शामला पदराला हात पुसत बाहेर आली. जोडे पाहून तिला वाटलं, काल बारशाला यायला न जमलेले कुणी आज आले.

"अहो, पाहुणे काहून बाहेर ठेवले? आत बोलवा नं!"

मी धावलो. तिच्या तोंडावर हात ठेवायला हवा होता. पण ती अंगणाकडे पाहून मोठ्यानं म्हणालीसुद्धा, "या नं, आत या! लेकीले पाहून जा, जेवूनच जा!"

पायऱ्या मोकळ्या झाल्या. आतल्या खोलीत केव्हाची रडणारी उत्तरा एकदम गप्प झाली, आणि पाळण्याच्या कड्या कुरकुरू लागल्या.

आता ती पाच महिन्यांची आहे. मुळीच रडत नाही, शेजारीपाजारी कौतुक करतात. शामलाला वाटतं, पाळण्याची दोरी मीच ओढतो. मीही तिला तसंच वाटू देतो. पण परवा पोळ्या लाटता लाटता तिनं हसून विचारलं,

"अहो, पोरीले झोपवताना तुमी ते गाणं म्हणता, ते कोणत्या भाषेतलं? अन् एवढ्या जणांचा आवाज एकटे कसा काढता?"