सावळाच्या बुकातली रोजची ओळ

बसा गुरुजी, हितं घोंगडीवर बसा. कंदील तुमच्याकडं सरकवतो. जपान्यांच्या कैदेतल्या शिपायांची कागदं जमा करायला तालुक्यानं तुमाला धाडलंय म्हणता? हाय माझ्यापाशी कागद. पर आदी ऐका, अन् मधी बोलू नका, माझं डोकं फिरतं.

मी अन् ह्याच आंबवड्याचा सावळा एकाच पलटणीत होतो. बेचाळीस साली दोघं पकडलो गेलो. बोटीत कोंबून कुठल्याशा बेटावर नेलं अन् रानारानानं चालवत ऱ्हायले. खाली बसला तो तिथंच ऱ्हायचा. सावळा चौथी शिकलेला. फौजेच्या पगाराच्या बुकात कोरी पानं होती, त्यावर पेन्सिलीनं रोज एक ओळ लिहायचा. तारीख घातल्याबिगर झोपायचा न्हाई बाबा!

एक दिस तापानं पडला. बुक माझ्या खिशात कोंबलं. म्हणाला, "माझ्या बयाला दे. अन् मर्दा, घोटभर पाणी आण..."

ओढा पन्नास पावलांवर. मी गेलो. पोटभर प्यालो. अन् तसाच पुढं चालायला लागलो, गुरुजी. मागं वळलो न्हाई. हे आजवर कुणाला सांगितलं न्हाई म्या.

लढाई सरल्यावर सुटून गावी आलो. सावळाची बायको बयाबाई धावत आली, तर म्हणालो, आमची ताटातूट झाली. बुक ट्रंकेच्या तळाला घातलं. ती बाई कुंकू लावून वाट बघत ऱ्हायली.

बारा वर्षं सरली. बेपत्ता माणसाचा पळसाच्या पानांचा पुतळा करून जाळत्यात, तसं गेल्या आठवड्यात तिच्या दिरानं ठरवलं. भर दुपारी नदीकाठी पुतळा मांडला. बाई हटून बसली.

"हैबतीभावजी, तुमी सांगा. त्यांना मेल्यालं बघितलं का? तुमी व्हय म्हणा, लगेच कुंकू पुसते."

"व्हय वैनी," मी म्हणालो. "ह्या हातांनी माती दिली." अन् ट्रंकेतनं संगं आणलेलं बुक काढून भटजींच्या हातात दिलं. पुतळ्यासंगं जळू दे, मनात म्हटलं, मी एकदाचा सुटतो.

भटजींनी शेवटचं पान उघडून मोठ्यानं वाचलं.

"हैबती पाणी आणायला गेलाय. वाट बघतोय."

अवो, बुक माझ्या खिशात आल्यावर त्यानं लिहिलं कधी? अक्षर मातर त्याचंच. अन् तारीख त्या दिवसाची, पुतळ्याच्या दिवसाची!

बयावैनी रडली न्हाई. पुतळा जाळू दिला न्हाई. बुक माझ्या हातात परत ठेवलं अन् म्हणाली, "मग आणा की पाणी, भावजी. ते प्याले की कुंकू पुसते."

दुसऱ्या दिवशी नदीकाठी तांब्या भरून ठेवला. सकाळी तांब्या तसाच भरलेला. बुकात नवी ओळ, "पाणी लांब हाय. हात पोचत न्हाई." तांब्या वेशीत आणला... "लांब हाय." माझ्या अंगणात ठेवला... "लांब हाय." काल उंबऱ्यावर ठेवला. बयावैनी रोज सकाळी येती, तांब्यात डोकावती अन् तशीच माघारी जाती. तिच्या कपाळाकडं बघवत न्हाई मला.

म्हणून बुक देता येत न्हाई, गुरुजी. बघायचं तर बघा. आजची ओळ तुमीच वाचा... मोठ्यानं वाचा की...

व्हय, म्या बी तेच वाचलं. "गुरुजींना घोंगडीवरनं जरा सरकायला सांग. तिथं ठेव."

ही ओळ पहाटेची हाय. तुमी येणार हे मला ठावं नव्हतं.

सरका जरा... तांब्या ठेवतो.