दोन मीटर खाली

"विहीर खणताय का?"

मी चरातून वर पाहिलं. बांधावर सायकल धरून एकजण उभा होता... घामाने निथळलेला, तरी हसरा.

"पाईप पुरतेय. आण्णांना विचारलंय."

तो महेंद्र, आण्णांचा मुलगा. वांगणीचं हे शेत त्यांचंच. अंबरनाथ एमआयडीसीतली पहिली पाळी उरकून तो आला होता. मी कात्रपची स्वप्नाली, एम.ई.च्या शेवटच्या वर्षाला. दोन मीटर खाली जमीन उन्हाळ्यातही गार असते. तिथून गरम पाणी फिरवलं तर माती किती उष्णता ओढून घेते, ते मी कॉम्प्युटरवर मांडत होते.

"म्हणजे जमिनीचा एसी?"

"तसंच काहीसं."

"मग मलाही पुरा ना... भट्टीसमोर भाजून आलोय!"

मला हसू आवरलं नाही.

मग दर शनिवारी तो यायचा. मी आकडे वाचायची, तो तापमापकांच्या तारा धरायचा. बोटाला बोट लागलं की दोघंही उगाच बांधावरच्या मोगऱ्याकडे बघायचो.

एप्रिलमध्ये माझं गणित चुकायला लागलं. पाणी हिशेबापेक्षा गरम येत होतं. पाईपभोवतालची माती हळूहळू तापतेय, हे मी धरलंच नव्हतं! ते दुरुस्त केलं, आकडे जुळले. आता फक्त मेच्या उन्हातही ते जुळतात, एवढी खात्री हवी होती.

तेवढ्यात आण्णा म्हणाले, "पोरी, जमीन बिल्डरला दिली. सोमवारी जेसीबी येतोय."

महेंद्र हातातल्या तारा खाली ठेवून निघून गेला.

पुढच्या शनिवारी मी जड पावलांनी, उरल्या असतील त्या तारा काढायला गेले. शेत तसंच होतं.

"पावसापर्यंत थांबवलंय बिल्डरला," आण्णा म्हणाले. "पोरगा माझ्याशी भांडला, जेवतच नव्हता. म्हटलं, जमिनीसाठी भांडतोस की पोरीसाठी? तर नुसती मान खाली घातली."

तो पंपाजवळ होता. मी समोर जाऊन उभी राहिले.

"तू जेवला नाहीस म्हणे?"

तो चमकला. इतके दिवस मी 'तुम्ही' म्हणत होते...

"पाऊस लागला की पाईप निघणार," तो हळूच म्हणाला. "मग तू कशाला येशील?"

"तू असशील ना?"

"मी... असेन की."

"मग येईन."

मी डबा उघडून त्याच्यापुढे धरला. "आधी जेव."