रिंगेची फट

चढावरून मोटरसायकल ढकलत येणारा माणूस तिला आधी दिसला, आणि मग ओळखू आला. भुरभुर पाऊस होता. त्याच्या चष्म्यावर थेंब साचले होते, आणि पुसायला बिचाऱ्याचा हात मोकळा नव्हता.

"चष्मेवाले, गाडीवर बसायचं असतं."

"बसलोच होतो. तिनेच उतरवलं."

ती हसली खरी, पण नजर इंजिनावर गेली. ही त्याच्या आत्याची जुनी गाडी. आत्यानेच त्याला लहानाचं मोठं केलं, याच गाडीवरून शाळेत सोडलं. मागच्या महिन्यात तो सिलिंडर घेऊन तिच्या मामाच्या वर्कशॉपमध्ये आला, तेव्हा तिनेच तो आतून कापून बोअर करून दिला होता. शेवटचा साइझ. आता आणखी कापायला जागाच उरली नव्हती, आणि दुसरा सिलिंडर कुठे मिळत नव्हता.

"काय झालं नेमकं?" तिने मागून हात लावला.

"छान पळत होती. मग तापली, ओढ गेली, आणि खट्‌कन बंद. आता किक बसते, पण निळा धूर..."

"पिस्टन सिलिंडरला धरला," ती हळूच म्हणाली. बोअर माझ्याच हातून घट्ट तर नाही ना झाला?

वर्कशॉपमध्ये मामा लेथवर होता. त्याने नुसती मान हलवली. तिने हेड काढलं, सिलिंडर उचलला. आतल्या भिंतीवर उभे करडे पट्टे.

"गेलं?" त्याने वाकून बघत विचारलं.

तिने मनातल्या मनात हात जोडले आणि पट्ट्यांवरून आडवं नख फिरवलं. नख कुठेच अडकलं नाही. पिस्टनचाच धातू चिकटला होता. घासल्यावर खालचं लोखंड साफ निघालं. माप घेतलं, बोअरही बरोबर.

"वाचलं," ती म्हणाली, आणि तो होता तिथेच खाली बसला.

मग चुकलं कुठे? तिने पिस्टनवरची रिंग सोडवून उजेडात धरली. तिची दोन्ही टोकं आरशासारखी चकाकत होती.

"हे बघा. तापली की रिंग वाढते, म्हणून टोकांमध्ये फट ठेवायची असते. नाहीतर टोकं भिडतात आणि रिंग भिंतीत रुतते." तिने रिंग सिलिंडरमध्ये सरकवली. फट मोजायच्या गेजचं सगळ्यात पातळ पातंही टोकांमधून जाईना. "कानस मारली नाहीत?"

"मला वाटलं, तुम्ही मारली असेल."

"मला वाटलं, घरी बसवताना तुम्ही माराल. चष्मे विकता, आणि एवढं दिसलं नाही?"

"त्या दिवशी काहीच दिसत नव्हतं..." तो रिंगेकडे बघत राहिला. "तुम्ही रिंगा हातात दिल्या आणि म्हणालात, 'मामा एका ठिकाणी माझ्या लग्नाचं बोलून आलाय.' मग मी निघालो."

"निघालात कसले, पळालात. पुढचं ऐकलंही नाहीत."

"पुढचं काय होतं?"

"की मी नाही म्हणून सांगितलंय." ती कापडाला हात पुसत राहिली, स्वच्छ झाले तरी. "तुम्ही विचाराल म्हणून थांबले, तर तुम्ही पिशवीसकट दाराबाहेर. मलाही मग फटीबिटीचं सांगायचं सुचलं नाही."

त्याने इतका लांब श्वास सोडला की चष्म्यावर वाफ धरली.

"मग आता विचारतो. का... नाही म्हणालात?"

"अख्खं इंजिन उघडून दाखवलं, तरी कळलं नाही?"

तो हसला. तिच्याही खांद्यांवरचं ओझं कुठल्या कुठे गेलं.

"सापडला का दोष?" मामाने लेथवरून विचारलं.

"सापडला, मामा," तोच म्हणाला. "दोघांनीही एकमेकांवर सोडलं होतं."

आजवर तो त्याला 'साहेब' म्हणायचा. मामाने लेथ बंद केला, भाचीकडे पाहिलं. ती नव्या रिंगा शोधायला खणात डोकं घालून बसली होती, आणि कान लाल झाले होते.

"दोघं मिळून बसवा मग," मामा छत्री उचलत म्हणाला. "थोडं थोडं घासा, घाई नाही. मी चहा पिऊन येतो."