परवलीचा शब्द

पटलं तर घ्या, पण हे घडलंय. माझी मावशी खोटं बोलत नाही. अख्खा जन्म पोलीस अधिकाऱ्याशी संसार केलाय तिने, त्या घरात खोटं पचायचंच नाही.

काका निवृत्त झाले आणि दारावरचा शिपाई गेला. नोकरीत असेपर्यंत संरक्षण, पुढे ज्याचं त्याने बघावं, असा नियम.

पण काकांनी ज्याला तुरुंगात धाडलं होतं, तो सुटून आला होता. त्याने निरोप पाठवला, "साहेबांची वर्दी उतरली म्हणे."

संरक्षण पुढेही मिळावं म्हणून काका कोर्टात गेले. वर्दी उतरली म्हणून वैर उतरतं का, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. तारखांवर तारखा पडत राहिल्या.

तोवर राखण मावशीकडे. काकांनी तिला बजावलं होतं, "माझा आवाज आला तरी परवलीचा शब्द ऐकल्याशिवाय कडी काढायची नाही."

शब्द रोज सकाळी मावशीने ठरवायचा. तिला तर आयतंच कोलीत मिळालं. एकदा तिने 'घोरतो' हा शब्द ठेवला. ज्यांच्या नावाने गुंड थरथरायचे ते आमचे काका दाराच्या फटीला तोंड लावून "घोरतो, घोरतो" म्हणत होते.

निकालाच्या दिवशी काका म्हणाले, "आज जिंकून येतो."

"आजही तारीखच मिळणार. लावा पैज," मावशी म्हणाली. आणि तिने त्यांच्या कानात शब्द सांगितला.

'हरलो'.

"हे माझ्या तोंडून जन्मात निघायचं नाही," म्हणत काका जिना उतरले.

संध्याकाळी टकटक झाली. दोनदा. मग थांबून एकदा. काकांचीच.

"अगं, दार उघड."

"आधी शब्द."

"आज नाही म्हणणार."

त्यांच्या आवाजात हसू होतं. मावशीलाही हसू आलं. आज यांची खोड मोडायचीच, म्हणून ती कडीवर हात ठेवून उभी राहिली.

मग बाहेरून काहीच आलं नाही...

दाराला घासत काहीतरी जड खाली सरकलं.

तिने दार उघडलं. काका उंबऱ्यावर पडले होते. पाठीत सुरा होता. जिन्यात कोणी नव्हतं.

फोन वाजत होता. वकील होते. निकाल काकांच्या बाजूने लागला होता. निवृत्तीनंतरही घराला संरक्षण द्यायचं, उद्यापासून शिपाई हजर होणार.

ते हरले नव्हते. म्हणून तर म्हणत नव्हते.

शिपाई सकाळी वेळेवर आला. दारासमोर खुर्ची टाकून बसला. मावशी त्याला बघत राहिली. रडली नाही. पुढे कित्येक दिवस एकच म्हणायची, "कडी माझ्या हातात होती रे."

आणि एका संध्याकाळी...

टकटक. दोनदा. मग थांबून एकदा.

"अगं, दार उघड."

तोच आवाज. मावशी दाराशी धावली. हात कडीकडे गेला, पण इतक्या दिवसांची सवय, तोंडातून निघून गेलं, "आधी शब्द."



मग अगदी हळू, फटीतून, "हरलो."

तिला हुंदका फुटला. तिने कडी काढली, दार सताड उघडलं. "या हो. या आत. मी चुकले."

समोर फक्त शिपाई. तो गडबडून उठला. "काय झालं मॅडम? कोणीच आलं नाही."

तिच्या खांद्याला घासून काहीतरी गार आत गेलं.

आणि तेवढ्यात मागून, आतल्या खोलीतून, काकांचा आवाज आला...

"अगं, कुणाला घेतलंस आत? मी कधी 'हरलो' म्हणेन का?"

त्यानंतर दार कधी वाजलं नाही. तो शब्द त्या दोघांशिवाय कुणालाच माहीत नव्हता. मग बाहेरून बोललं ते कोण, याचा विचार मनात आला की माझा जीव अजून घाबरा होतो.

आम्ही तिला आमच्याकडे राहायला ये म्हणून किती विनवलं. ती घर सोडत नाही. म्हणते, संध्याकाळ झाली की आत दोघांची पावलं वाजतात.

"भीती नाही वाटत?" मी विचारलं.

"वाटते ना," मावशी म्हणाली. "पण त्यातले एक हेच आहेत रे. पुन्हा यांना बाहेर ठेवून दार कसं लावू?"