गळलेला तीन

छापखान्याच्या दारातच तो माझ्यावर येऊन आदळला. वर पुस्तक माझ्या नाकासमोर धरून म्हणाला, "हे कुणी तपासलं?"

"मी. आणि आधी सॉरी म्हणा."

"सॉरी... पण माझ्या संख्येतला शेवटचा तीन कुठे गेला?"

तो शाळेत गणित शिकवायचा, पुस्तक त्याचंच. त्यात त्याने लिहिलं होतं, ७,३९,३९,१३३ ही मूळ संख्या आहे. म्हणजे एक आणि ती स्वतः सोडून कशानेच तिला पूर्ण भाग जात नाही. छापलं गेलं ७३,९३,९१३. छापखाना माझ्या मामाचा, पण मामा भाचीलाही सोडणारा नव्हता.

"शुद्धिपत्र काढ, चूक कबूल करून सही कर. आणि उद्यापासून प्रुफं बंद, बाइंडिंगला बस."

तीन वर्षं डोळे फोडून मी ते प्रुफं तपासायचं टेबल मिळवलं होतं.

"अंक सुटला, कबूल," मी म्हटलं. "पण छापलंय ते खोटं कशावरून? हीसुद्धा मूळ असेल. मास्तर, भागून दाखवा. भाग गेला तर सही करते!"

मामाने कपाळावर हात मारला. मास्तर मात्र खुर्ची ओढून बसला.

तिच्या वर्गमुळापर्यंत, म्हणजे सत्तावीसशे एकोणीसपर्यंतच्या प्रत्येक मूळ संख्येने भागून बघायचं — जवळजवळ चारशे भागाकार! शाळा सुटली की तो यायचा. जुन्या प्रुफांच्या पाठकोऱ्या कागदांवर तो भागायचा, मी ताळा करायची. मोबाइलवर हे चुटकीसरशी झालं असतं. पण त्याने तो काढला नाही, आणि मी तरी कशाला आठवण करून देऊ?

"तुमचं कोपर..."

"माझं कोपर माझ्या टेबलावर आहे."

"मग माझं मध्ये येतंय?"

"येऊ दे. हातचा विसरलात — दोन."

आठव्या दिवशी शेवटचा भागाकार झाला. बाकी उरली ९५२.

"मामा, छापलंय ते बरोबर आहे," मास्तर म्हणाला. "शुद्धिपत्र नको."

"बरं, राहा टेबलावर," मामा माझ्याकडे बघून गुरगुरला. "पण आधी डोळे तपासून घे. आणि मास्तर, तुमचं इथलं काम संपलं ना?"

मास्तर गडबडला. "आणखी... एक अंक उडवून बघावा म्हणतो. ७,३९,३९१..."

"तीही मूळच आहे," मी म्हणाले. "शेवटचा अंक उडवत जा, नुसता सात उरेपर्यंत — दर वेळी मूळच. मी पहिल्याच दिवशी मोबाइलवर पाहिलं."

"मग आठ दिवस मला का राबवलं?"

मान खाली घालणं मला जमत नाही. "तुम्ही यावं म्हणून. मला आवडता तुम्ही. आता निमित्तं पुरेत. उद्या चारला या — आणि माझ्यासाठी या."

"अगं, मी इथे उभा आहे!" मामा ओरडला.

"म्हणूनच मोठ्याने बोलले, मामा."

मास्तर कानापर्यंत लाल झाला आणि तसाच निघून गेला. ती रात्र मी कशी काढली, माझं मला ठाऊक.

दुसऱ्या दिवशी साडेतीनलाच तो दारात उभा होता, अर्ध्या दिवसाची रजा टाकून, हातात एकही कागद न घेता.